नोंदवहीतली भक्ती

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अरुणा शानभाग प्रकरणाचा निकाल दिला. इच्छामरणाच्या कायद्याबद्दल आपल्याकडे जी चर्चा झाली ती बरीचशी या निकालाभोवती फिरली, त्यामुळे त्यातले कायद्याचे परिच्छेद पुष्कळांनी वाचले. परळच्या केईएम रुग्णालयाने आणि न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी मांडलेला साधा तपशील मात्र त्या मानाने मागे राहिला: अरुणाबाईंना मासळी आवडते, कोंबडीचं सूप आवडतं आणि आवडीचं काही मिळालं की त्या हसतात. नको असेल तर तोंडातून आवाज काढून, हात हलवून नाराजी सांगतात. खोलीत फार माणसं जमली की अस्वस्थ होतात, गर्दी ओसरली की शांत होतात. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झालेला नाही.

अरुणाबाई याच रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, नखं कापली, कूस बदलली. परिचारिकेची नोकरी फार तर पस्तीस-छत्तीस वर्षांची. म्हणजे सुरुवातीला ज्यांनी त्यांना भरवलं, त्यातल्या बहुतेकजणी शेवटापर्यंत निवृत्त झाल्या होत्या. ज्या शेवटी भरवत होत्या, त्यातल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. तरी मासळीची आवड पाळीपाळीने, पिढीपिढीने पुढे गेली. परिचर्येला नव्याने आलेल्या विद्यार्थिनींच्या प्रत्येक तुकडीची अरुणाबाईंशी ओळख करून द्यायची प्रथा तिथे होती. ‘ही आपल्यातली होती आणि आहे,’ हे त्यांना सांगितलं जाई. एका माणसाच्या मायेवर ४२ वर्षं निघत नाहीत. ती माया दुसऱ्याच्या हाती सोपवता यावी लागते.

निकालातला तात्त्विक प्रश्न मोठा होता. बोलू न शकणाऱ्या या बाई ‘व्यक्ती’ म्हणून उरल्या आहेत का, आणि त्यांच्या वतीने कोण बोलणार? डॉक्टरांनी वैद्यकीय निकष लावले आणि अवस्था कायमस्वरूपी असल्याचं सांगितलं. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क मात्र न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षं त्यांना ओळखत होते ते हे लोक. ओळखत होते म्हणजे काय? तर त्यांना काय आवडतं आणि काय खुपतं हे ठाऊक होतं.

याच कसोटीवर एक साधी वस्तू तपासून पाहावी अशी आहे. वृद्धाश्रमांत, डे-केअर केंद्रांत, धर्मशाळांत कार्यक्रमांची एक वही असते. संचालक तिला ‘ॲक्टिव्हिटी रजिस्टर’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी तिच्यात असा मजकूर सापडेल: दुपारी ४ ते ५ भजन, उपस्थिती बावीस, चहा-बिस्किटं, फोटो काढले. कार्यक्रम झाला याचा हा पुरावा आहे. बावीसपैकी कोण गायलं, कोण भिंतीकडे तोंड करून बसलं, कोण मध्येच उठून गेलं आणि का, यातलं काही त्यात नाही. पुढच्या महिन्यात नवा कार्यकर्ता आला की तो तेच भजन त्याच वेळी लावतो. भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई पुन्हा तशीच बसते.

ही वही सुधारा म्हटलं की सेवाभावी मंडळींकडून एक हरकत येते, आणि ती आळसातून नव्हे, श्रद्धेतून येते. सेवेचा हिशेब ठेवू नये, लिहिलं की त्यात मीपणा शिरतो. गीतेने फळाची आशा न धरता कर्म करायला सांगितलं. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं ख्रिस्ताने सांगितलं. इस्लाममध्येही गुपचूप दिलेल्या दानाची थोरवी आहे. मुंबईत बाकापासून पाणपोईपर्यंत सगळीकडे देणगीदारांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्या पाहिल्या की ही हरकत किती खरी आहे हे कळतं. देणाऱ्याच्या कर्माची नोंद ठेवायला आपल्या पुराणांनी चित्रगुप्त नेमलेला आहे. ते काम माणसाने अंगावर घेण्याची गरज नाही.

पण ही हरकत एका प्रकारच्या वहीला लागू पडते. मी काय केलं, किती केलं, किती जणांना वाटलं, याची ती वही. दुसरी एक वही असू शकते. तिच्यात सेवा करणारा जवळजवळ दिसतच नाही. समोरचा माणूस कसा आहे, एवढंच तिच्यात असतं. ही वही लिहिणं हेच भक्तीचं काम आहे असं मानणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली, आणि मराठी गद्याचा आरंभच त्यांच्या वहीने झाला.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेव, महदाइसा आणि इतर शिष्य वऱ्हाडात ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, चक्रधरांचे गुरू. गावाच्या लेखी ते वेडे होते. स्वतःशी हसत, स्वतःशी बोलत, कुणाच्याही घरी शिरत, मूर्तींशी खेळत, हट्ट धरत. जातीच्या रेषा त्यांना दिसतच नसत. शिष्य त्यांना परमेश्वराचा अवतार मानत आणि त्यांच्या म्हातारपणी त्यांचं सगळं करत. पुढे म्हाइंभटाने या दिवसांच्या आठवणी जमवून लिहून काढल्या. ‘लीळाचरित्र’ लिहिणारा हाच म्हाइंभट. गोविंदप्रभूंच्या या चरित्रात तीनशेहून अधिक छोट्या छोट्या लीळा आहेत. आज कुठे गेले, काय मागितलं, काय खाल्लं, कशावर रागावले, कशाने हसले, शेवटच्या आजारात काय झालं, हे सगळं त्यात आहे. उपदेश फार थोडा. महदाइसेकडे धिडरी मागितल्याची लीळा मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. एका म्हाताऱ्या माणसाला काय खावंसं वाटलं, ही गोष्ट कुणीतरी सातशे वर्षं टिकेल अशी लिहून ठेवली.

एकदा गोविंदप्रभूंना लग्न करायची लहर आली. शिष्यांनी त्यांना समजावत बसण्याऐवजी लग्नाचा घाट घातला, आणि त्या प्रसंगी महदाइसेने जी गाणी रचून गायली ते ‘धवळे’. ती मराठीची पहिली ज्ञात कवयित्री. वृद्धांसाठी कार्यक्रम आखणाऱ्या कुणाही माणसाने या प्रसंगाचा विचार करावा. कार्यक्रम आधी ठरला आणि मग म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवलं, असं झालं नाही. त्याची इच्छा आधी, ती कुणीतरी ऐकलेली, आणि मग तिच्याभोवती गाणी.

इथे कुणी म्हणेल, ते त्यांना देव मानत होते, म्हणून त्यांची प्रत्येक हालचाल मोलाची वाटली. आश्रमातल्या आजी-आजोबांना कोण देव मानतं? हा आक्षेप नीट तपासला तर उलटून आपल्यावरच येतो. महानुभाव तत्त्वज्ञान द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यात कायमचे वेगळे आहेत. जीव कधी परमेश्वर होत नाही. म्हणून अवताराच्या लीळा टिपल्या गेल्या, गावातल्या दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याच्या टिपल्या गेल्या नाहीत. त्यांचं वागणं त्यांच्या सिद्धांताला धरून होतं. वारकरी परंपरेत वाढलेली, प्रत्येक भूतमात्रात देव आहे असं कीर्तनात ऐकून मान डोलावणारी आपण बहुसंख्य मंडळी मात्र कुणाचीच लीळा टिपत नाही. घटाघटात देव आहे हे खरं मानलं, तर खाट क्रमांक सातवरच्या आजींनी आज भाजी का टाकली, हा प्रश्न धिडऱ्यांइतकाच धार्मिक ठरतो.

आता रिद्धपूरहून लालबाग-परळला परत यायला हवं, कारण इथे हा प्रश्न फार व्यवहारी रूप घेतो. वृद्धांसाठीचे कार्यक्रम म्हटले की मुंबईत पहिल्यांदा सुचतं भजन, मग आरती, मग हळदीकुंकू. गिरणगावातली आज ऐंशीच्या घरातली पिढी मात्र एका धर्माची किंवा एका मनाची नव्हती. त्यात कोकणातून आलेले माळकरी होते, घाटावरचे पैलवान होते. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाचा डफ ऐकून वाढलेले आणि आयुष्यात देवळाची पायरी न चढलेले कामगारही होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात नोकरी गेलेले होते, आणि त्यांच्या घरी खानावळ चालवून संसार ओढणाऱ्या बायका होत्या. गिरगावात खोताच्या वाडीतली ईस्ट इंडियन कुटुंबं होती, तसे पाठारे प्रभू होते, सारस्वत होते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या दीक्षेच्या लाटेत आपलं आयुष्य बदललेले बौद्ध होते.

अशा एका बौद्ध आजोबांची कल्पना करावी. स्मृती गेली आहे, बोलणं तुटक झालं आहे. भाद्रपदात सगळ्यांबरोबर त्यांचीही चाकाची खुर्ची गणपतीपुढे नेऊन ठेवली जाते, हातात फूल दिलं जातं. कुणाच्याही मनात वाईट नाही. पण गणपतीला देव मानणार नाही, त्याची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी तरुणपणी घेतली होती, आणि कदाचित त्यासाठी गावाशी, भावकीशी भांडण पत्करलं होतं. वहीत तेवढी एक ओळ असती तर ६ डिसेंबरला त्यांना दादरच्या चैत्यभूमीवर नेता आलं असतं, गर्दी झेपत नसेल तर सकाळी त्यांच्याजवळ बसून वंदना लावता आली असती. गणेशोत्सवात आरास पाहायची की आपल्या खोलीत राहायचं, हे त्यांना विचारता आलं असतं. त्यांना आरास आवडतही असेल. चाळीतला उत्सव हा शेजाराचाही असतो. विचारलं पाहिजे, आणि मिळालेलं उत्तर लिहिलं पाहिजे.

उपासतापासाचंही तेच. अमुक आजींची संकष्टी असते, तमुक काका एकादशीला फक्त दूध घेतात, एक ख्रिस्ती बाई लेंटच्या उपासकाळात शुक्रवारी मांस खात नाहीत. वडा-पावची पार्टी नेमकी संकष्टीला किंवा एकादशीला ठेवली तर त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात, व्रत मोडायचं किंवा सगळ्यांच्या देखत ताट परत करायचं. चांगल्या वहीत पंचांगाचं पान असतं, आणि ते एकाच धर्माचं नसतं.

याहून अवघड प्रसंग आहे तो माळकऱ्याचा. साठ वर्षं गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी, मासळी वर्ज्य. आता स्मृतिभ्रंशात तो रत्नागिरीकडच्या आपल्या लहानपणात राहतो आणि सुके बोंबील मागतो. द्यावेत का? एक बाजू म्हणते, आज समोर बसलेला माणूस हाच खरा, त्याचं सुख आज आहे, ते नाकारणारे आपण कोण. दुसरी बाजू म्हणते, व्रत हे त्याने आपल्या पूर्ण शुद्धीत केलेलं आयुष्यभराचं काम आहे; तो ते विसरला म्हणून ज्यांना आठवतं त्यांनी ते मोडायचं का? पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी याच प्रश्नावर पुष्कळ लिहिलं आहे, आणि तिथेही एकमत नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी निर्णय कुणी घेऊ नये हे नक्की सांगता येतं: त्या दिवशी पाळीवर असलेल्या स्वयंपाक्याने एकट्याने, आणि ‘हट्टी आहे’ असा शेरा मारणाऱ्या वॉर्डबॉयनेही नाही. घरच्यांशी आणि त्याच्या दिंडीतल्या सोबत्यांशी बोलावं लागेल. बोलण्याआधी हातात नोंद हवी. केव्हा मागितले, कोणत्या शब्दांत, त्याआधी काय चाललं होतं, त्यानंतर काय म्हणाला. चार दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर कधी कधी दिसतं की बोंबील दरवेळी संध्याकाळीच मागितले जातात आणि पुढचं वाक्य ‘आई कुठे आहे’ असं असतं. मग तांदळाची भाकरी, आमसुलाची कढी आणि मालवणी-संगमेश्वरी बोलीत गप्पा मारणारं कुणीतरी शेजारी, एवढ्यावर भागतं, व्रतही राहतं. कधी दिसतं की नाही, त्याला बोंबीलच हवे आहेत, रोज, हसत, स्पष्ट. तेव्हा देणाऱ्याने निदान हे जाणून द्यावं की आपण काय देत आहोत. नोंद नसेल तर यातलं काहीच कळत नाही. मग जो तो आपापल्या धर्मश्रद्धेप्रमाणे त्या बिचाऱ्याचं ताट वाढतो.

नोंद लिहायची रीतही आपल्या परंपरेत सापडते. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, शाई-कागद यांबद्दल बारकाईने सांगतात, आणि एक अगदी घरगुती सूचना करतात: तरुणपणी फार बारीक अक्षर काढलं तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचं काढावं. ही सूचना आश्रमातल्या वहीला आणखी एका कारणाने लागू आहे. जिच्याबद्दल लिहिलं आहे तिला ती वाचता आली पाहिजे. आजींच्या हाती आपलं पान दिलं तर त्या ‘हे मी नाही गं’ म्हणतील असं काही त्यात असू नये.

लीळाचरित्राची पोथी पुढच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली असं परंपरा सांगते. हिराइसेसारख्या स्त्रियांचं पाठांतर तेव्हा कामाला आलं. वेगवेगळ्या माणसांना प्रसंग वेगवेगळा आठवला, तेव्हा हस्तलिखितांत ते पाठ ज्याच्या त्याच्या नावानिशी शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. त्यांना ‘वासना’ म्हणतात. एकच खरं मानून बाकीचं पुसून टाकलं नाही. मुलगा सांगतो, बाबांना नाट्यसंगीत आवडायचं. रात्रीची मावशी सांगते, रेडिओवर लावलं की ते कान झाकतात. दोन्ही लिहावं, कोण म्हणालं आणि कधी, यासह. मुलाच्या आठवणीतले बाबा दामोदर हॉलमध्ये रात्र जागवणारे आहेत, मावशीसमोरच्या बाबांना मोठा आवाज सोसत नाही. आवाज लहान करून पाहावं, हा पुढचा बेत या दोन ओळींतूनच निघतो.

नोंद आणि श्रद्धा एकत्र नांदल्याचं एक उदाहरण परदेशातही आहे. १९५८ साली लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये सिसिली सॉन्डर्स या डॉक्टर म्हणून काम करू लागल्या, तेव्हा मरणाऱ्यांची मायेने सेवा करणाऱ्या नन तिथे होत्या. तपशीलवार नोंदी नव्हत्या. सॉन्डर्सनी त्या सुरू केल्या, रुग्णांचे शब्द जसेच्या तसे टिपले. त्या ऐकण्यातूनच त्यांना दिसलं की माणसाची वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते. पुढे १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारलं, आणि ही कल्पना जगभर गेली. मुंबईत १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. सॉन्डर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. त्यांच्या लेखी लिहिणं आणि प्रार्थना यांत भांडण नव्हतं.

धोका आहे, आणि तो मान्य करायला हवा. लिहिलेलं पान माणसाला जखडूही शकतं. ‘भजन आवडतं’ असं एकदा लिहिलं की बाई मरेपर्यंत भजनाला बसवली जाते. म्हणून प्रत्येक ओळीला तारीख हवी, आणि ‘आज नको म्हणाल्या’ ही नोंद ‘आवडतं’ इतकीच मानाची हवी. दुसरं म्हणजे, म्हातारपणी माणसं पाळीवरच्या मुलीला काय काय सांगून बसतात: जुनं प्रेम, मोडलेलं लग्न, मुलाने घर कसं लिहून घेतलं ते. हे कार्यक्रमाच्या वहीत येता कामा नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लपवले, विसाव्या शतकात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. त्यांची कारणं वेगळी असतील. पण ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्याबद्दलचं लिखाण चव्हाट्यावर ठेवायचं नसतं, हे त्यांना समजलं होतं. देणगीदारांच्या भेटीच्या दिवशी टेबलावर उघडी पडलेली वही आणि समाजमाध्यमांवर टाकलेले आजींचे फोटो, दोन्हींवर हाच नियम चालवायला हवा.

शेवटी एक नोंद अशी आहे जी टाळली जाते, कारण विचारणाऱ्याची जीभ अडखळते. ज्यांना जवळचं कुणी नाही त्यांचे अंत्यविधी आश्रमालाच करावे लागतात. अग्नी द्यायचा की मूठमाती, मंत्र म्हणायचे की त्रिशरण, की काहीच नाही. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा का. तेराव्याला कुणाला कळवायचं. माणूस गेल्यावर रात्री अकरा वाजता हे कुणाला विचारणार? पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न घालू नये, ते निर्दय होईल. ओळख झाल्यावर, एखाद्या सणाच्या किंवा श्राद्धाच्या दिवशी विषय आपसूक निघतो. म्हातारी माणसं यावर आपल्यापेक्षा मोकळेपणी बोलतात, तपशील सांगतात, कोणतं लुगडं नेसवायचं तेही सांगतात. ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहावं, त्यांना वाचून दाखवावं, आणि वर्षाने पुन्हा एकदा विचारावं, कारण लुगडं बदललेलं असू शकतं.